मावशी खाली आहेत ना?

मॅचच्या दिवशी क्लबचा कॅप्टन, मग तो त्या वर्षी कुणीही असो, मैदानात उतरण्याआधी बोगद्याच्या तोंडाशी थांबायचा आणि मुकादमांना विचारायचा, "मावशी खाली आहेत ना?" मुकादम मान हलवायचे. मग अकरा जण पळत उजेडात जायचे आणि वर हजारो घसे एकदम मोकळे व्हायचे.

मुकादम म्हणजे क्लबच्या सगळ्या सामानावर बापाची इस्टेट असल्यासारखी नजर ठेवणारे गृहस्थ. जर्स्या, बूट, बॉल, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्यांच्या ताब्यात. आणि खाली म्हणजे पूर्वेच्या स्टँडच्या पोटात. लोक ज्या पायऱ्यांवर बसतात त्यांच्या खालची तिरकी जागा क्लबनं वाया जाऊ दिली नव्हती. तिथे धुलाईखोली केली होती. दाराशी माणूस ताठ उभा राहायचा, पण आतल्या भिंतीपर्यंत जायचं तर ओणवं व्हावं लागायचं. धुलाईची मशिनं, एक दगडी हौद, इस्त्रीचं लांबलचक टेबल, आणि रस्त्याच्या बाजूला अगदी फुटपाथच्या उंचीवर एक ठेंगणी खिडकी. मैदानाकडे खोलीची पाठ.

त्या खिडकीतून मावशीनं आयुष्यभर माणसांचे पाय पाहिले. हरल्यावर पाय फरफटत जातात, जिंकल्यावर एकमेकांत अडकतात, एवढं तिला समजायचं. बाकी सगळी खबर डोक्यावरच्या छतातून यायची, आणि त्यात तिची बऱ्याचदा फसगत व्हायची. एकदा छत असं काही दणाणलं की तिनं आणि चिमणीनं हातातले मोजे टाकून खोलीभर फेर धरला. मागाहून कळलं, मैदानात एक कुत्रं शिरलं होतं आणि रेफ्री त्याच्या मागे धावताना तोंडावर आपटला होता. चिमणी ही मावशीची जोडीदारीण. अंगानं चांगली दणकट बाई, पण तोंडाची चिवचिव दिवसभर बंद व्हायची नाही म्हणून चिमणी.

ही 'खाली आहेत ना'ची भानगड मावशी नवी असतानाची. तिचा नवरा मैदानाचा माळी. त्यानंच तिला धुलाईखोलीत चिकटवलं, आणि त्याच वर्षी क्लबनं कितीतरी काळानं मोठा कप जिंकला. जिंकलेल्या माणसांना कारण लागतं. कुणी म्हणालं नवे बूट, कुणी म्हणालं नवा प्रशिक्षक. तेव्हाच्या मिशाळ कॅप्टननं मात्र जाहीर केलं की हे सगळं त्या नव्या मावशींमुळे. मध्यंतरात खेळाडू जर्स्या बदलायचे, आणि ही बाई पहिल्या हाफमधल्या मळक्या जर्स्या दुसऱ्या हाफची शिट्टी व्हायच्या आत स्वतःच्या हातानं हौदात बुडवायची. डाग धरू नये म्हणून, दुसरं काही नाही. पण कॅप्टनच्या मते त्या बुडवण्यात जादू होती. झालं. तेव्हापासून रिवाजच पडला. जर्स्या मावशीच्याच हातानं पाण्यात पडायच्या, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत मावशीनं खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. कॅप्टन बदलले, मिशा गेल्या, छातीला यंत्रं बांधून धडधड मोजणारे प्रशिक्षक आले. प्रश्न तोच राहिला.

तसा एकदा तिनं नियम मोडून पाहिला होता. नवऱ्यानंच फूस लावली होती, अगं ये की पाच मिनिटं, बोगद्यात उभी राहा, कोण बघतंय. ती हात पुसत निघाली. जिन्याची शेवटची पायरी चढली तेव्हा तिला आभाळाचा एक तुकडा दिसला, एक झेंडा दिसला, आणि तेवढ्यात सगळा स्टँड कुणी गळा दाबल्यासारखा गप्प झाला. दुसऱ्या संघानं गोल केला होता. ती तशीच मागे फिरली. ती मॅच गेली, तिच्याबरोबर त्या वर्षीचा कपही गेला. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यानंतर ती आपणहून खाली राहिली.

म्हणजे बघा, नवरा मैदानाच्या कडेला, ती मैदानाच्या पोटात. रिकामं मैदान तिला घरच्या अंगणासारखं पाठ होतं. आठवड्यातल्या मधल्या दिवसांत दुपारचा डबा ते दोघं तिथेच कडेला बसून खायचे, आणि तो तिला कुठल्या कोपऱ्यात गवत रुसलंय, कुठे ऊन कमी पडतं ते सांगायचा. पण भरलेलं मैदान तिनं कधी पाहिलं नाही. या मैदानावर झालेला एकही गोल तिनं पाहिला नाही.

पाहिले ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मॅचवरून घरी आला की माळी हात धुवायच्या आधी गोल मांडायचा. कप म्हणजे बचाव, बरणी म्हणजे गोलकीपर, शर्टाचं बटण म्हणजे बॉल. तो स्वतः दोन्ही संघ व्हायचा, रेफ्री व्हायचा, वरून प्रेक्षकांचा आवाजही काढायचा. त्याचा प्रत्येक गोल मैदानाच्या मध्यावरून मारलेला असायचा. मुलगी मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, "बाबा, पेपरात तर लिहिलंय की अगदी जवळून डोक्यानं ढकलला." माळी म्हणाला, "तो पेपरवाला माझ्या मागे बसला होता." संध्याकाळी टीव्हीवर कधीमधी क्लबचे तुकडे दाखवायचे, पण मावशीनं बटणाकडे हात नेला की तो तोंड पाडायचा. तेच बघायचं तर मी कशाला घसा कोरडा करू. मग ती टीव्ही लावायची नाही. तिला टीव्हीवरचं तसंही चपटं वाटायचं.

माळी एका थंडीत गेला. आजारपण लांबलं नाही, एवढंच बरं झालं म्हणायचं. त्यानंतर घरी गोल यायचे बंद झाले. खोलीत छत दणाणायचं, मावशी मान वर करायची, आणि विचारायचं कुणाला हेच कळायचं नाही. चिमणी बाहेर डोकावून येऊन सांगायची, झाला एक, डाव्या पायानं, आणि कॉलर घासायला लागायची. मावशी हं म्हणायची. ती बातमी होती. त्याला गोल म्हणत नाहीत.

आणि मग कळलं की क्लब हे मैदान सोडणार. गावाबाहेर हमरस्त्यालगत नवं स्टेडियम तयार होत होतं, वर छप्पर, खाली गाड्यांना जागा. जुनं पाडून तिथे घरं उठणार होती. नव्या जागी कपडे एका कंपनीकडे जाणार होते. रोज गाडी येईल, नेईल, घड्या घालून आणून देईल. चिमणीला त्या कंपनीत काम मिळालं. मावशीला निरोपाचा हार मिळणार होता.

तिनं हार नको म्हणून सांगितलं. शेवटच्या मॅचला वर एक खुर्ची द्या, म्हणाली.

मुकादमांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. हे गृहस्थ मॅचच्या दिवशी उजवा मोजा आधी घालतात, चुकून डावा गेला तर दोन्ही काढून पुन्हा सुरुवात करतात. त्यांनी तिला खूप समजावलं. समोर शेजारच्या शहराचा संघ आहे, पिढीजात वैर आहे, या मैदानावरची शेवटची मॅच जिंकून जाऊ द्या, पोरांच्या मनात काही आलं तर कसं व्हायचं.

"मावशी, सगळा जन्म काढलात खाली," ते शेवटी म्हणाले. "आता एका दिवसानं काय होतंय?"

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली. "एका दिवसानं काय होतंय?"

चिमणीनं लगेच तोडगा काढला. तिचं म्हणणं, मावशीनं खुशाल जावं, कॅप्टननं विचारलं तर ती खालून मावशीच्या आवाजात ओ देईल, मावशीसारखं खोकायलाही तिला छान येतं. तिनं खोकून दाखवलं. मुकादमांना ते फसवणुकीचं वाटलं आणि मावशीला खोकला. अखेर मुकादमांनीच मार्ग शोधला, नाखुशीनं, दात काढायला गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं. पहिला हाफ खाली थांबायचं, मध्यंतरात जर्स्या स्वतः बुडवायच्या, आणि मग वर जायचं. म्हणजे कॅप्टन विचारेल तेव्हा मावशी खालीच असतील. खोटं बोलल्याचं पाप नाही. राहिला दुसरा हाफ, तो देवाच्या हवाली.

तर मावशीला अर्धी मॅच मिळाली. तेवढ्यात एक गोल व्हायला हवा होता. बस, एवढंच मागणं. जो माणूस या गवतासाठी उन्हापावसात झिजला त्याच्या गवतावर, तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी, एक.

पहिला हाफ कोराच गेला. मध्यंतरात जर्स्यांचा ढीग आला तसा तिनं तो हौदात दाबला, हात कोपरापर्यंत ओले घेऊनच जिना चढली. चिमणी मागून म्हणत होती, हात तरी पूस, बाई, लग्नाला निघालीस का पूर विझवायला. पूर विझवतात का, हे विचारायलाही मावशी थांबली नाही.

तिची खुर्ची एका खांबाशेजारी होती. पलीकडे निवृत्त पोस्टमन. तारुण्यापासून याच खुर्चीवर बसत आलेला, मांडीवर चहाचा थर्मास आणि तोंडात सतत कुणाच्या तरी आईबापांचा उद्धार. त्यानं तिला नीट बसता यावं म्हणून गुडघे बाजूला घेतले.

तिनं समोर पाहिलं आणि तिला काहीच दिसेना. म्हणजे सगळं एकदम दिसलं. माणसांच्या भिंतीच्या भिंती, सगळ्या श्वास घेणाऱ्या. मधे ते ओळखीचं गवत, पण त्याच्यावर ही सगळी धावपळ. बॉल कुठे आहे ते कळायच्या आत तिला जर्स्या दिसल्या. ती उसवलेल्या बाहीची. ती आटलेली, त्या पोराला आता पोटावर आखूड होते. खेळाडूंची तोंडं तिला धड माहीत नव्हती, पाठी सगळ्या माहीत होत्या. कुणी गवतावरून घसरत गेला की स्टँड वाहवा म्हणायचा आणि मावशी म्हणायची, अरे देवा, हा डाग निघायचा नाही.

"बाई, कपडे काय बघता," पोस्टमन म्हणाला. "बॉल बघा."

तिनं बॉल बघायला घेतला. अवघड होतं, पण हळूहळू डोळा बसला. बॉल डावीकडे गेला, उजवीकडे आला. मग तो त्या उसवलेल्या बाहीवाल्याच्या पायात आला, आणि स्टँडच्या तळातून एक आवाज चढायला लागला. हा आवाज मावशी ओळखत होती. या एका आवाजाच्या बाबतीत तिची कधी फसगत झाली नव्हती. लोक उठले, पायाखालचा स्लॅब हादरला, आणि मावशी खाली वाकली. दोन्ही हात पसरून, छाती गुडघ्यांना टेकवून, अगदी पूर्ण वाकली.

कारण खाली खोलीत स्लॅब हादरला की छताचा चुना झडायचा. धुतलेल्या ओल्या जर्स्यांवर पडला तर त्यांचं पीठ मळल्यासारखं व्हायचं. म्हणून आवाज चढला की मावशी टोपलीवर पालथी पडायची. विचार करून नव्हे. शिंकताना डोळे मिटतात ना, तशी.

ती वर आली तेव्हा गोल झालेला होता. पोस्टमन तिच्या नसलेल्या टोपलीवरून ओणवा होऊन पुढच्या माणसाला मिठी मारत होता. तिनं त्याला विचारलं, कुणी मारला, कसा मारला.

"समोर बसून मला विचारता?" तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते आणि तो हसत होता. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं हसणं आवरलं. डाव्या पायानं, म्हणाला, आणि तिला थर्मासच्या झाकणात चहा दिला.

मावशीनं ते झाकण तसंच खाली ठेवलं. आपला संघ पुढे होता, सगळा स्टँड गात होता, आणि तिला लहान मुलासारखं रडू यायला लागलं होतं. वेळ संपत आली होती. तिनं खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. आता आभाळ कोसळलं तरी वाकायचं नाही. फक्त अजून एक होऊ दे.

आणि झाला. तिला खुर्ची धरायची गरजच पडली नाही, कारण या वेळी कुणी ओरडलं नाही.

पलीकडच्या बाजूनं शेजारच्या शहराचा एक लुकडा पोरगा निघाला, मोजे घोट्यावर घसरलेले, जर्सी दोन मापं मोठी. त्यानं आमच्या कॅप्टनला डावी दाखवून उजवी मारली, कॅप्टनचा पाय गेला आणि तो आडवा झाला. पोरानं मान वर केली. मग पाय. बॉल गवताला चिकटून निघाला, लांबून, एकदाही न उडता, कुणी रेघ ओढत नेल्यासारखा, आणि गोलच्या खांबाच्या आतल्या अंगाला हलकेच लागून आत गेला. स्टँडचा श्वास अडकलेला होता. त्या शांततेत जाळं हललेलं ऐकू आलं. एवढ्या लांब, तिला जाळं ऐकू आलं.

मावशी उठून उभी राहिली आणि तिनं टाळ्या वाजवल्या.

पूर्वेच्या स्टँडमध्ये त्या शेजारच्या शहरासाठी आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. माना वळल्या. मागून एक जण म्हणाला, आजीबाई, तुमची खुर्ची पलीकडे आहे. दुसरा म्हणाला, तिकडच्यांशी सोयरीक दिसतेय. पोस्टमननं तिची बाही ओढून तिला खाली बसवलं.

"तुम्ही नक्की कुणाकडच्या?" त्यानं विचारलं.

"इथलीच," मावशी म्हणाली. "खालची."

शिट्टी झाली. बरोबरी. लोक सुतकातल्यासारखे उठले. काही जण कुंपण ओलांडून मैदानात गेले आणि आठवण म्हणून बोटांनी गवत उपटायला लागले. ते बघवेना म्हणून मावशी जिना उतरू लागली. ती एकेका पायरीवर थांबत होती. कुणाला तरी सांगायचं म्हणून शब्द जुळवत होती, आणि कुणाला हे आठवलं की थांबत होती. त्यातच हेही होतं की ती वर गेली आणि गोल चढला. पुन्हा. हे तिला दिसत नव्हतं असं नाही. मुकादमांना काय सांगायचं, तेही ती त्याच पायऱ्यांवर जुळवत होती.

मुकादम धुलाईखोलीच्या दारात होते. नुसते बाजूला झाले. चिमणीसुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजा. मावशी हौदाशी जाऊन उभी राहिली. जर्स्यांची टोपली अजून यायची होती.

टोपली घेऊन कॅप्टनच आला. अंगात मळकी जर्सी, एका गालाला हिरवा डाग. पंचविशीचं पोर, पण पायऱ्या म्हाताऱ्यासारखा उतरला.

"मावशी, तुम्ही वर होतात?"

मुकादमांनी भिंतीकडे तोंड केलं.

"होते," मावशी म्हणाली. तिनं जुळवलेली माफी तोंडाशी आली होती, पण बाहेर पडलं ते वेगळंच. "तो गोल पाहिला मी."

"पाहिलात?"

"पाहिला. तू मधे आलास, आणि तुझा पाय गेला."

"गवत ओलं होतं."

"गवताला नावं ठेवू नकोस."

चिमणीनं हातातल्या टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. कॅप्टननं टोपली खाली ठेवली. मग एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला, बुटांकडे बघत.

"मी पडलो ना, मावशी," तो म्हणाला. "तोंड गवतात. मला काही दिसलंच नाही. सगळे गप्प झाले, तेव्हा कळलं." त्यानं वर पाहिलं. "कसा गेला तो?"

जिन्यात जुळवलेलं सगळं दुसऱ्याच माणसासाठी होतं, आणि तो माणूस आता कुठल्याच पायरीच्या तळाशी उभा नव्हता. मुकादम भिंतीकडे तोंड करूनच होते, पण कान इकडे.

मग तिनं इस्त्रीच्या टेबलाखालचं स्टूल ओढलं, पोराच्या समोर बसली आणि म्हणाली, "ऐक. आधी त्यानं मान वर केली."